पाहिलेलें आणि मानलेलें

माघांतल्या थंडींत, ओहोटी पुरती लागली असतां, कोकणांतील एखाद्या खाडीच्या मुखाशीं जो मनुष्य सकाळीं दुर्बीण घेऊन उभा राहतो, त्याला एक गोष्ट लवकरच कळून येते. ती ही कीं, पाहणें हें काम वाटतें तितकें सोपें नाहीं. दूरवर ओल्या वाळूच्या पट्ट्यावर शें-दोनशें पक्षी चरत असतात. तुतवार, चिखल्या, कुरव, सुरय अशीं नांवें आपल्या तोंडीं असतात. परंतु समोर दिसतात त्या नुसत्या करड्या आणि मातकट आकृति. उत्तरेकडील दूरच्या प्रदेशांत वीण करतांना यांच्यापैकीं अनेकांच्या अंगावर तांबड्या, काळ्या किंवा सोनेरी रंगांचा साज असतो. आपल्या किनाऱ्यावर ते येतात ते तो साज उतरवून, जणूं प्रवासाच्या मळकट वस्त्रांत. वाऱ्यानें हात हालतो, ऊन चढूं लागलें म्हणजे वाळूवरील हवा थरथरूं लागते, आणि ज्या एका पक्ष्यावर आपली दृष्टि खिळली असते तो नेमका त्याच क्षणीं थव्याबरोबर उठून पैलतीराला जातो. अशा वेळीं शेजारी उभा असलेला सोबती विचारतो, "तो कोणता?" या दोन शब्दांच्या प्रश्नाचें उत्तर देतांना मनुष्याच्या सत्यनिष्ठेची जी परीक्षा होते, ती न्यायालयांतील साक्षीच्या पिंजऱ्यांतही क्वचितच होत असेल. तेथें उलटतपासणी घेण्यास वकील तरी असतो; येथें पक्षी उडून गेलेला असतो आणि साक्षीदार एकटाच उरलेला असतो.

यावर कोणी सुज्ञ वाचक म्हणेल कीं, एका पाणपक्ष्याचें नांव चुकलें तर असा कोणता अनर्थ ओढवणार आहे? कोणाची मालमत्ता बुडाली नाहीं, कोणाची अब्रू गेली नाहीं, पक्ष्यालाही त्याची वार्ता नाहीं. हा आक्षेप वरवर पाहतां सबळ आहे, आणि पुष्कळ वर्षें मीही मनांतल्या मनांत त्याचा आश्रय केला आहे. परंतु ज्या असत्यानें कोणाचेंच नुकसान होत नाहीं असें वाटतें, त्याच्याच ठिकाणीं आपली सत्याविषयींची खरी वृत्ति उघडी पडते. म्हणून या लहानशा प्रश्नाचा थोडा विचार करावा असें योजिलें आहे.

आपल्या नैयायिकांनीं उपमान या प्रमाणाचें एक प्रसिद्ध उदाहरण दिलें आहे. नगरांत राहणाऱ्या एका मनुष्यानें गवय कधीं पाहिलेला नाहीं. त्याला एक वनवासी सांगतो कीं, गवय गाईसारखा असतो. पुढें तो नागरिक रानांत जातो, गाईसारखा एक अनोळखी प्राणी पाहतो, त्याला तें वाक्य आठवतें, आणि 'गवय म्हणतात तो हाच' असें ज्ञान त्याला होतें. नांव आणि ज्याचें तें नांव ती वस्तु यांचा संबंध कळणें, हेंच या प्रमाणाचें फळ. पक्षिनिरीक्षकाच्या हातांतील सचित्र पुस्तक म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून हा वनवासीच होय. 'अमक्यासारखा, परंतु चोच आखूड, पाय काळे, कुशीवर गोल ठिपके,' अशा भाषेंत तो बोलतो. मात्र शास्त्रकारांच्या उदाहरणांत एक सोय आहे. त्यांच्या रानांत गाईसारखा प्राणी एकच आहे. समुद्रकिनाऱ्यावर एकमेकांसारखे दहा-वीस असतात. म्हणून तेथें 'सारखा' या शब्दाची किंमत फारशी नाहीं, सारी किंमत त्याच्यापुढें येणाऱ्या 'परंतु'ला आहे. घाई झालेला मनुष्य 'सारखा' ऐकतो आणि 'परंतु' विसरतो.

किनाऱ्याला अधिक शोभणारें असें दुसरें एक उदाहरण आपल्या दर्शनांत आहे. तें शिंप आणि रुपें यांचें. वाळूंत चकाकणारी शिंप पाहून मनुष्याला 'हें रुपें' असा भास होतो. अन्यत्र पूर्वीं पाहिलेलें रुपें येथें कसें दिसलें, याविषयीं निरनिराळ्या मतांच्या पंडितांनीं पुष्कळ ऊहापोह केला आहे. मला मात्र त्या उदाहरणाची एक साधी बाजू नेहमीं जाणवत आली आहे. शिंपेच्या जागीं रुपेंच कां दिसावें? चुन्याचा खडा कां दिसूं नये? पांढरेपणा त्याच्याही अंगीं आहे. याचें कारण उघड आहे. वाळूंत चुन्याचा खडा सांपडावा अशी इच्छा कोणी धरीत नाहीं. रुपें सांपडावें अशी इच्छा मात्र सर्वांच्याच पोटीं असते. डोळा शिंपेवर पडण्यापूर्वींच मन रुप्याची जागा आंखून बसलेलें असतें.

माझ्या हातून घडलेली एक चूक सांगितल्यावांचून हें विवेचन पुरें होणार नाहीं. सुमारें वीस वर्षांपूर्वीं एका जानेवारींत रत्नागिरी जिल्ह्यांतील एका खाडीवर मी माझ्या एका विद्यार्थ्यासह गेलों होतों. इंग्रजींत ज्याला कर्ल्यू म्हणतात, तो खालीं वांकलेल्या लांब चोचीचा मोठा पाणपक्षी आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यांत येतो. त्या दिवशीं तशांतलाच एक पक्षी एकटा चरत होता. परंतु त्याची चोच मला आखूड आणि बारीक भासली, अंग लहान वाटलें आणि रंग फिकट. बारीक चोचीचा कर्ल्यू म्हणून एक अत्यंत दुर्मिळ जात आहे आणि तिचा कित्येक वर्षांत कोठें ठावठिकाणा लागलेला नाहीं, हें त्यापूर्वीं थोडेच दिवस मीं वाचलें होतें. पक्षी उडाला तेव्हां त्याच्या पंखांची खालची बाजू शुभ्र दिसली, आणि मीं मोठ्यानें त्या दुर्मिळ जातीचें नांव उच्चारलें. विद्यार्थ्यानें तें वहींत टिपून घेतलें. रात्रीं जेवतांना मीं घरीं तो प्रसंग वर्णन केला. पुढें दोन-चार मित्रमंडळींतही केला. आणि प्रत्येक वेळीं ती चोच थोडी थोडी अधिक बारीक होत गेली.

पुढें अधिक वाचन झाल्यावर जें कळलें तें असें. साध्या कर्ल्यूच्या पिलांची चोच पहिल्या हिवाळ्यांत आखूडच असते. नराची मादीहून आखूड असते. आणि पूर्वेकडील ज्या वंशाचे कर्ल्यू हिवाळ्यांत आपल्याकडे येतात, त्यांच्या पंखांची खालची बाजू मुळांतच पांढरी असते. ज्या तीन गोष्टींना मी पुरावा समजत होतों, त्यांतली एकही पुरावा नव्हती. मीं विद्यार्थ्याला बोलावून विचारलें, "चोच खरोखर केवढी होती, तुला आठवतें का?" तो बराच वेळ घुटमळला आणि मग म्हणाला, "सर, खरें सांगूं? आपण नांव सांगितल्यावर मीं चोचीकडे पाहिलेंच नाहीं."

या उत्तरानें मी जितका खजील झालों तितका क्वचितच झालों असेन. मीं एका पक्ष्याला चुकीचें नांव दिलें एवढाच माझा दोष नव्हता. माझ्या शब्दानें मीं दुसऱ्या एका मनुष्याचे डोळे मिटविले होते. नांव हें पाहण्याचें साधन असतें, तसाच तो पाहणें थांबविण्याचा परवानाही असतो. आणि नांव उच्चारणारा वयानें किंवा अधिकारानें मोठा असला म्हणजे तो परवाना फारच स्वस्तांत मिळतो.

ज्या पक्ष्याचें नांव मीं इतक्या उदारपणें उधळलें, त्याची कथा आतां सांगितली पाहिजे. कारण माझी चूक किती क्षुल्लक अथवा किती गंभीर, हें तिच्यावरून ठरतें. या जातीचें शास्त्रीय वर्णन व्हिएलो या फ्रेंच पक्षिशास्त्रज्ञानें १८१७ सालीं केलें. हिवाळ्यांत ती भूमध्य समुद्राभोंवतालच्या आणि मोरोक्कोच्या किनाऱ्यावर येत असे. तिचीं घरटीं पाहिल्याची खात्रीची नोंद एकाच मनुष्याची. उशाकोव नांवाच्या रशियन निरीक्षकानें १९०९ ते १९२५ या काळांत सायबेरियांतील तारा या गांवाजवळ तीं पाहिलीं. त्यानंतर घरटें कोणासच सांपडलें नाहीं. मोरोक्कोच्या अटलांटिक किनाऱ्यावर मेर्जा झेर्गा नांवाचें खाजण आहे. तेथें हिवाळ्यांत शेवटचे कांहीं पक्षी येत राहिले, आणि १९९५ सालच्या फेब्रुवारींत तेथें दिसलेला पक्षी हा या जातीचा शेवटचा निर्विवाद पुरावा ठरला.

पुढें १९९८ च्या मे महिन्यांत इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर ड्रूरिज बे येथें एक लहानसा कर्ल्यू दिसला. कित्येक अनुभवी निरीक्षकांनीं तो पाहिला, त्याचीं छायाचित्रें घेतलीं, चलच्चित्रही घेतलें. तो बारीक चोचीचाच होय असा निर्णय २००२ सालीं तेथील अधिकृत समितीनें दिला. त्यानंतर सुमारें दहा वर्षांनीं त्याच पुराव्याची पुन्हा छाननी झाली, आणि तो साधा कर्ल्यू नव्हताच असें निश्चयानें म्हणतां येत नाहीं म्हणून ती नोंद यादींतून काढून टाकण्यांत आली. 'हल्लीं छायाचित्र असतें, मग वाद कसला?' असें समजणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. छायाचित्र डोळ्याला मदत करतें. निर्णयाचा भार तें उचलीत नाहीं. आणि स्वतःच्याच समितीनें दिलेला मान पुढें स्वतःच काढून घेण्यांत जें धैर्य लागतें, तें नवा पक्षी शोधून काढण्याच्या धैर्याहून कमी नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. एखादी जात या पृथ्वीवर उरली नाहीं, हें मनुष्य कशावरून जाणतो? 'आहे' हें दाखवितां येतें. 'नाहीं' हें कसें दाखवावें? भाट्ट मीमांसक आणि अद्वैती यांनीं यासाठीं अनुपलब्धि नांवाचें एक स्वतंत्र प्रमाण मानिलें आहे. जमिनीवर घट नाहीं हें आपण जाणतों तें तो दिसत नाहीं म्हणून. परंतु त्यांनीं तेथें एक अट घातली आहे: ती अनुपलब्धि योग्य असली पाहिजे, म्हणजे घट असता तर दिसलाच असता अशी परिस्थिति असली पाहिजे. अंधारांत घट दिसला नाहीं यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं.

या पक्ष्याच्या बाबतींत या अटीचा अर्थ शब्दशः प्रत्ययास येतो. उशाकोवच्या घरट्यांवरून त्याचा वीणप्रदेश उत्तरेकडील दलदलींत असावा असें धरून शोध चालले. अलीकडे संग्रहालयांतील जुन्या नमुन्यांच्या पिसांतील द्रव्यांचें रासायनिक पृथक्करण झालें, तेव्हां त्यांतले बरेच पक्षी त्याहून पुष्कळ दक्षिणेस, कझाकस्तानच्या उत्तर भागांतील गवताळ मैदानांत जन्मले असावेत असें अनुमान निघालें. म्हणजे इतकीं वर्षें उत्तरेंत 'सांपडला नाहीं' असें जें म्हटलें गेलें, तें पुष्कळ अंशीं अंधारांत घट शोधण्यासारखें होतें. अखेरीस २०२४ सालीं सर्व विश्वसनीय नोंदी आणि शोधाचे सर्व प्रयत्न यांचें गणित मांडून शास्त्रज्ञांनीं ही जात बहुधा नष्ट झाली असल्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला, आणि २०२५ च्या ऑक्टोबरांत निसर्गसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघानें तसें जाहीर केलें.

या गणिताचा आधार काय, हें वाचकांनीं पाहावें. तो आधार म्हणजे अनेक देशांच्या किनाऱ्यांवर, अनेक हिवाळ्यांत, थंडीवाऱ्यांत उभ्या राहिलेल्या माणसांचे शब्द: 'पाहिला', 'पाहिला नाहीं', 'पाहिला असावा, परंतु खात्री नाहीं'. यांतील एक खोटा 'पाहिला' हा त्या जातीच्या अंताची तारीख पुढें ढकलतो आणि ती अद्याप कोठें तरी आहे अशा समजुतीनें लोकांना निश्चिंत करतो. ज्या वर्षीं कांहीं करतां आलें असतें, तें वर्ष अशाच निश्चिंतपणांत निघून जाण्याचा संभव असतो. माझी खोटी नोंद कोणा शास्त्रज्ञाच्या हातीं पडली नाहीं, ही माझी पुण्याई नव्हे. तो केवळ योगायोग होता.

बुद्ध्याच केलेल्या लबाडीचाही दाखला आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्स या गांवाच्या परिसरांतून १८९२ ते १९३० या काळांत दुर्मिळ पक्ष्यांच्या नोंदी विलक्षण संख्येनें येत गेल्या. १९६२ च्या ऑगस्टांत 'ब्रिटिश बर्ड्स' या मासिकानें त्यांची चिकित्सा प्रसिद्ध केली. नेल्डर या संख्याशास्त्रज्ञानें त्या टापूंतील नोंदींची तुलना शेजारच्या टापूंशीं केली, तेव्हां त्या नैसर्गिक नसाव्यात असें दिसून आलें. परदेशांतून आणविलेले मेलेले पक्षी तेथेंच मारलेले म्हणून विकले गेले असावेत असा संशय बळावला. परिणामीं २९ जाती व उपजाती ब्रिटनच्या यादींतून गळाल्या. त्यांतील अनेक पुढें खऱ्याखुऱ्या नोंदींवरून पुन्हा यादींत आल्या, ही गोष्ट मला विशेष उद्बोधक वाटते. पक्षी त्या देशांत येत होते; म्हणजे विधान कदाचित् खरें होतें, साक्ष मात्र खोटी होती. सत्य आणि सत्यनिष्ठा या दोन निराळ्या वस्तु आहेत, हें याहून स्पष्ट कसें व्हावें? आणि तो विक्रेता व मी यांच्यांत अंतर पुष्कळ असलें तरी रस्ता एकच आहे. त्यानें दुसऱ्याला शिंप रुपें म्हणून विकली. मीं ती प्रथम स्वतःला विकली.

येथें एक उलट आक्षेप येतो, आणि त्याला न्याय दिलाच पाहिजे. प्रत्येक जण इतका संशयी झाला तर कोणीच कांहीं बोलणार नाहीं. खरोखरीचा दुर्मिळ पक्षी समोर आला तरी तो मुकाट्यानें पाहून लोक घरीं जातील. चुकण्याच्या भीतीनें साक्षच न देणें हाही साक्षीदाराचा अपराध नव्हे काय? आहे. फाजील सावधपणांत पुष्कळदां सत्याच्या प्रेमापेक्षां स्वतःच्या लौकिकाची काळजीच अधिक असते. तेव्हां मौन हा यावरचा उपाय नव्हे. उपाय एकच दिसतो, आणि तो फार जुना व फार साधा आहे: पाहिलेलें आणि मानलेलें यांच्यामध्यें रेघ ओढावी. पुस्तक उघडण्यापूर्वीं वहींत लिहावें: चोचीची लांबी डोक्याच्या किती पट दिसली, पाय कोणत्या रंगाचे होते, प्रकाश कोणत्या बाजूनें होता, अंतर किती होतें, काय दिसलें नाहीं. मग रेघ ओढावी. आणि रेघेखालीं, हवें तर, नांव लिहावें. हल्लीं खिशांतल्या यंत्राला चित्र दाखविलें कीं तें क्षणांत नांव सुचवितें. त्याचा उपयोग मीही करतों; परंतु तें रेघेखालच्या जागेचें धन आहे. वरची जागा त्याला देऊं नये. रेघेच्या वरचें उद्यां कोणालाही तपासतां येतें, आणि आपली चूक आपल्या माघारीं दुसऱ्याला दुरुस्त करतां येते. रेघ नसली म्हणजे चूक आणि पुरावा एकाच रंगांत मिसळून जातात.

वात्स्यायनानें आप्ताचें म्हणजे विश्वसनीय साक्षीदाराचें लक्षण सांगतांना दोनच गोष्टी मागितल्या आहेत: त्याला वस्तूचें साक्षात् ज्ञान असावें, आणि जशी पाहिली तशी सांगण्याची इच्छा असावी. हें लक्षण ऋषि, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेंच लागू आहे, असेंही तो म्हणतो. या उदार वाक्याचा अर्थ मला खाडीवरच्या एका कोळ्यानें शिकविला. परवांच्या हिवाळ्यांत मी त्याच तीरावर गेलों असतां त्याला विचारलें, "काल येथें कांहीं वेगळा पक्षी दिसला का?" तो जाळें झटकीत म्हणाला, "दिसला. काळा-पांढरा होता, चोच लाल. दोन होते. पण मास्तर, नांव मला नाय ठावं." पुस्तक जवळ न बाळगणाऱ्या त्या मनुष्यानें रेघ बरोबर जागीं ओढली होती. त्याच्या वर्णनावरून शिंपल्यांतील मांस खाणाऱ्या एका पाहुण्या पक्ष्याची कल्पना मला आली; परंतु ते पक्षी मला दिसले नाहींत, म्हणून वहींत मीं त्याचें वर्णन त्याच्याच शब्दांत लिहिलें आणि माझा तर्क खालीं निराळा लिहिला.

त्या रात्रीं मीं जुनी वही काढली. वीस वर्षांपूर्वींच्या पानावर विद्यार्थ्याच्या सुवाच्य अक्षरांत तें दुर्मिळ नांव अद्याप तसेंच होतें. मीं तें खोडलें नाहीं. खोडलेलें पान मी चुकलोंच नव्हतों अशी बतावणी करूं लागतें. त्याच्यापुढें आजची तारीख घालून एवढेंच लिहिलें: 'एक कर्ल्यू. बहुधा पहिल्या हिवाळ्यांतील नर. चोच नीट पाहिली नाहीं.'